वाघमारेबाई आणि जांभळ्या रेघा

वाघमारेबाईंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो एका तळघरात. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. माझ्या बायकोच्या, सुमनच्या, छातीत गाठ निघाली आणि शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचा इलाज परभणीत नव्हता, म्हणून मी तिला एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिथं सहा आठवडे शेक घ्यायचा होता. शेक म्हणजे विस्तवाचा नव्हे, मशीनमधून येणाऱ्या किरणांचा. पण तिथले सगळेच त्याला शेक म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.

जिना उतरून खाली गेलं की एक लांब बोळ होता. दोन्ही भिंतींना बाकं. बोळाच्या टोकाला मशीनची खोली आणि तिचं वीतभर जाडीचं दार. खिडकी एकही नाही. रोज सकाळी पंधरा-वीस बाया त्या बाकांवर येऊन बसत आणि कोणी कोणाशी बोलत नसे. सगळ्यांची नजर त्या दारावर. आम्ही नवीन होतो, कोपऱ्यात बसलो. एवढ्यात एक उंच, सावळी, पन्नाशीच्या आसपासची बाई उभी राहिली, पिशवी बाकावर ठेवली आणि वर्गात म्हणावं तसं म्हणाली,

"चला, हजेरी."

आणि तिनं एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. बाया खरोखर "हजर" म्हणत होत्या. कोणी लाजून, कोणी हसू दाबून. एका नावाला उत्तर आलं नाही. बाईंनी क्षणभर वाट पाहिली आणि म्हणाल्या, "रजेवर." मग पुढचं नाव. ती बाई आदल्या दिवशी वारल्याचं मला दुपारी कळलं. बोळात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटी त्या आमच्याकडे वळल्या. "नवीन कोण? नाव सांगा."

सुमननं सांगितलं.

"गाव?"

"परभणी."

"आगं मग मोठ्यानं सांग की! मी ताडकळसची. आन् तोंड पाडून काय बसलीस, इथं काय लग्नाला आलीस व्हय, मानपान न्हाई झाला म्हणून?"

गेल्या महिन्याभरात सुमन पहिल्यांदा हसली.

गयाबाई वाघमारे ताडकळसच्या शाळेत शिक्षिका होत्या. नवरा मागेच वारलेला, मूल नव्हतं. थोरली बहीण गावातच होती, पण तिचा संसार मोठा. छप्पन सालापासून त्यांचं घर बुद्धाला मानत होतं आणि ते त्या कोणापासून लपवत नसत, कोणाला मुद्दाम सांगतही नसत. त्यांनाही सुमनचंच दुखणं होतं. उपचारात त्या आमच्या तीन आठवडे पुढे होत्या.

शेक सुरू करण्याआधी डॉक्टर छातीवर मोजमाप करून जांभळ्या शाईनं चौकोन आखत. किरण रोज त्याच चौकोनावर पडायला हवेत, म्हणून त्या रेघा शेवटच्या दिवसापर्यंत टिकल्या पाहिजेत. त्यावर पाणी नाही, साबण नाही, तेल नाही. अंघोळ म्हणजे ओल्या फडक्यानं हातपाय पुसणं. बाई म्हणत, "आपून आता मोजणी झालेल्या जमिनी. हद्दीचे दगड हलवायचे न्हाईत."

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सुमन मशीनच्या खोलीतून भिंत धरून बाहेर आली. दार लागलं की आत फक्त पेशंट. डॉक्टरसुद्धा बाहेर थांबतात. तिला वाटायचं, हे दार आता उघडणारच नाही.

"आत काय करतीस?" बाईंनी विचारलं.

"देवाचं नाव घेते."

"मंग?"

"भीतीनं मधीच विसरते."

"पाढे म्हण. देवाला माणूस काईतरी मागत ऱ्हातंय, आन् मागाया लागलं की भेव वाढतंय. पाढ्यात मागायसारखं काईच न्हाई."

"मला धाच्या पुढं येत न्हाईत, बाई."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुजा नवरा हिशेबनीस हाय ना? मग काय कामाचा त्यो?"

त्या संध्याकाळपासून, आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेच्या खोलीत, मी सुमनला पाढे शिकवू लागलो. शेवटी ती एकोणीसपर्यंत गेली. आजही एखादं वाईट पत्र आलं, घरात कोणाला ताप चढला, की स्वयंपाकघरातून पुटपुटणं ऐकू येतं: तेरा सत्ते एक्क्याण्णव.

धर्मशाळेत बाईंची खोली आमच्या शेजारी होती. आमच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. ऊन आहे की ढग, ते कळत नसे. गावी जाता येत नव्हतं, शहरात फिरायचं त्राण नव्हतं. खोली, जिना, बोळ, बाक, पुन्हा खोली. सुमन विचारायची, "आत्ता परभणीची गाडी सुटली असंल का?" मी वेळ सांगायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार-पाच दिवसांनी बाई तिला म्हणाल्या, "गाडी सुटतीया ती तुला सोडून सुटतीया. तिचा टाइम पाठ करून काय करतीस? हात वर कर."

शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूचा हात खांद्यातून आखडतो. भिंतीवर बोटं चढवत हात वर नेण्याचा व्यायाम दवाखान्यानं सांगितला होता. तो करताना डोळ्यांतून पाणी येतं. बाईंच्या कमरेला पिशवीत खडूचा तुकडा असे. सुमनचं बोट जिथपर्यंत पोचेल तिथं त्या रेघ मारत, शेजारी आपली रेघ मारत, आणि दोघींची चढाओढ लागे. धर्मशाळेचा व्यवस्थापक एकदा ओरडत आला, भिंत खराब करता म्हणून.

"भित चुन्याची, खडू चुन्याचा," बाई म्हणाल्या. "भितीचंच भितीला लावायलेय. तुमचं काय गेलं?"

तो बिचारा रेघांकडे बघत उभा राहिला. मग जाताना म्हणाला, "ही खालची कुणाची? फारच खाली आहे." त्यानंतर तोही रोज डोकावून जायचा.

सुमनचा घसा आतून सोलल्यासारखा झाला. भाकरी गिळवेना. बाई स्टोव्हवर ज्वारीच्या कण्या मऊ शिजवत, ताक घालून गार करत आणि समोर बसून चमच्या-चमच्यानं खायला लावत. स्वतःला मळमळत असायचं, म्हणून शिजवताना तोंडाला पदर बांधलेला. एक दिवस मात्र त्या उठल्याच नाहीत. उन्हात वाळत घातलेल्या लुगड्यासारख्या पलंगावर पडलेल्या. आम्ही दारात गेलो तर डोळे न उघडता म्हणाल्या, "आज मी गैरहजर." त्या दिवशी कण्या सुमननं शिजवल्या, आणि बोळात उभं राहून, बारीक आवाजात, हजेरीही तिनंच घेतली. मग बाईंचं नाव आलं. "येणार हायत," ती म्हणाली आणि पुढचं नाव घेतलं. संध्याकाळी हे बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "येणार हायत, असं हजेरीत नसतंय. एक तर हजर न्हाईतर गैरहजर. पर बरं केलंस."

बाईंचा शेक संपला. स्पिरिटच्या बोळ्यानं त्यांच्या रेघा पुसल्या. निघताना म्हणाल्या, "आता ह्या बोळात माझी सावलीबी पडायची न्हाई." आम्ही दोघं मागे राहिलो. खोली आणखी लहान झाली.

पुढच्या आठवड्यात सुमनच्या काखेखालची कातडी भाजल्यासारखी होऊन फुटली. डॉक्टरांनी आठ दिवस खंड दिला. घरी जा, विश्रांती घ्या, पण दोन गोष्टी नीट ऐका, म्हणाले. एक, नवव्या दिवशी इथं हजर. दोन, रेघा पुसू देऊ नका. रेघा गेल्या तर पुन्हा मोजमाप, मोजमापाला रोज एकच पेशंट, आणि नंबर महिन्याच्या पुढचा. तेवढा खंड पडला तर आतापर्यंतचा शेक वाया गेल्यासारखा.

परभणीला आलो. सुमनला वाटलं होतं घरी मोकळं वाटेल. पण माझ्या आईनं दारातच सांगितलं, "नवस फेडायचाय." सुमनची शस्त्रक्रिया चालू होती तेव्हा आई पोखर्णीच्या नरसिंहाला बोलली होती: सून टेबलावरून जिवंत उठली तर ओलेत्यानं अकरा प्रदक्षिणा घालील. म्हणजे डोक्यावरून पाणी घेऊन, ओल्या लुगड्यानिशी. सुमनची कातडी फुटलेली पाहिली तेव्हा आईची खात्रीच पटली. "म्हणूनच ही आग उठली. देवाला दिलेला शब्द राह्यलाय."

मी रेघांचं सांगितलं. आई म्हणाली, शाईच्या रेघेवर माणसाचा जीव असतो का? सुमन मधे पडली नाही. ती रात्रंदिवस अंग चोरून बसायची. दवाखान्यात पाण्याची भीती, घरात न भिजण्याची. मी आईला नाही म्हणू शकत नव्हतो आणि हो म्हणणं शक्य नव्हतं. दोन दिवस मी दुसऱ्या विषयावर बोलत राहिलो. रविवारी पोखर्णीला जायचं आईनं ठरवून टाकलं.

शुक्रवारी दुपारी वाघमारेबाई ताडकळसच्या एसटीनं आल्या, सुमनला बघायला. त्यांची रजा अजून बाकी होती. घरातली पितळी फुलपात्रं समोर मांडलेली असताना आईनं त्यांना चहा काचेच्या ग्लासात दिला. बाईंनी ग्लास उजेडात धरला आणि म्हणाल्या, "काच बरी. आत काय हाय ते दिसतं." आईनं मान खाली घातली. मग सुमनच्या तोंडाकडे बघून बाईंनी विचारलं, काय झालंय? आईनंच सांगितलं.

"नवस बोललं कोण, मावशी?"

"म्या."

"सुमन तवा कुठं होती?"

"टेबलावर. बेशुद्ध."

"मग शब्द तुमचा. भिजायचं तिनं कशापायी? माझ्या वर्गात एकाचं गणित दुसऱ्यानं सोडवलं तर मी दोघांलाबी उठाबशा काढाय लावते."

"तुमच्यात देव मानत न्हाईत, मास्तरीणबाई. तुमाला ह्यातलं काय कळायचं?"

"मानत न्हाई. म्हणून तर सरळ सांगायलेय. मला त्याचं भेव न्हाई आन् त्याच्याकडून काई घ्यायचंबी न्हाई." त्या उठल्या. "मावशी, जरा आत या."

दोघी मधल्या खोलीत गेल्या. बाईंनी दार लोटलं. आत काय झालं ते बाईंनी सुमनला आणि सुमननं मला नंतर सांगितलं. बाईंनी पोलक्याची बटणं सोडून आईला आपली छाती दाखवली. सुमनची छाती आईनं कधी पाहिली नव्हती. सुमननं दाखवली नव्हती, आईनं मागितलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "हात लावून बगा." आईनं लावला.

आई बाहेर आली आणि खाली बसली. मग म्हणाली, "रविवारी मी चालते. अकराच्या अकरा."

रविवारी आम्ही चौघं एसटीनं पोखर्णीला गेलो. बाई मुद्दाम शुक्रवारपासून आमच्याकडेच मुक्कामाला राहिल्या होत्या. त्या देवळात आल्या नाहीत. समोर लिंबाखाली सुमनजवळ बसल्या. "मी तुज्या देवाच्या दारी न्हाई, तुज्या शेजारी बसलेय," म्हणाल्या. आईनं डोक्यावरून पाणी घेतलं आणि चालायला लागली. साठी उलटलेली बाई, गुडघे धरलेले, ओलं नऊवारी पायांत अडकणारं. सातव्या फेरीला ती भिंतीला टेकली. सुमन उठायला लागली तशी बाईंनी तिचा हात धरून खाली बसवलं. "बस. तिचं गणित तिला सोडवू दे."

अकरावी फेरी झाली. आई तशीच निथळत बाहेर आली, लिंबाखाली आली, आणि कोणाला काही कळायच्या आत सुमनला कवेत घेतलं. लग्न होऊन आल्यापासून आईनं तिला जवळ घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. दोघी हमसून रडत होत्या. "मावशी, सोडा! सोडा तिला!" बाई ओरडल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आई मागे सरली. तिच्या ओल्या लुगड्याच्या पदरावर जांभळा डाग पसरला होता.

घरी येऊन पाहिलं. चौकोनाची वरची रेघ आणि एक कोपरा शाबूत होता. बाकी सगळं वाहून गेलेलं. आई चुलीपाशी तोंड झाकून बसली. तिला काही म्हणावं असं कोणालाच वाटलं नाही, आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

मी पट्टी घेतली. एक रेघ आणि एक कोपरा असला तर उरलेला चौकोन काढणं अवघड नाही. लांबी-रुंदी मी रोज बघत होतो. शाई आणायला पायात चप्पल घातली.

"भाऊ, कुठं निघालाव?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं.

"चौकोन बरोबर येईल तुमचा?"

"बरोबर येईल."

"केसभर चुकला तर? त्यो डाक्टर तुमच्या रेघेला आपली रेघ समजून मशीन लावणार. हिच्या आत काय हाय ते तुमाला दिसतंय का?" त्यांनी माझ्या हातातली पट्टी काढून घेतली. "पुसलंय ते पुसलंय म्हणून सांगायचं. उद्याच निघू. मीबी येते."

"तुमी?" सुमन म्हणाली. "तुमी तर म्हणला हुता..."

"सावली पडायची न्हाई म्हणले हुते. पडू दे. माझी तपासणी हायच पंधरा दिसांनी, ती आताच करते."

दवाखान्यात पुसलेल्या रेघा पाहून तिथले तरुण डॉक्टर चिडले. रागावण्याचा त्यांना हक्क होता. नंबर पुढच्या महिन्यात, म्हणाले, माझा इलाज नाही. बाई त्यांच्याशी भांडल्या नाहीत. आपली पाळी आली तशा पडद्याआड तपासायला गेल्या. आम्ही बाहेर. डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. पुन्हा पडदा. बाई बाहेर आल्या तेव्हा कानाखाली, मानेच्या बाजूला बोट लावून होत्या. तिथं नवीन गाठ सापडली होती. मानेला शेक द्यायचा ठरला. प्रकरण तातडीचं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळची मोजमापाची जागा त्यांना मिळाली होती.

सुमनला वाटत होतं, बाई आपल्यासाठी परत आल्या म्हणूनच हे झालं. बाई डॉक्टरांकडे वळल्या.

"उद्याची जागा हिला द्या."

"बाई, असं अदलाबदल होत नसतं."

"हिचं अर्धं गणित झालेलं हाय, साहेब. माझं आज फळ्यावर लिवलंय. आदी कोणतं पुरं करावं?"

डॉक्टर आत गेले, मोठ्या डॉक्टरांशी बोलून आले. सुमनचं मोजमाप दुसऱ्या दिवशी झालं. बाईंचं पाचव्या दिवशी. त्या पाच दिवसांनी बाईंच्या दुखण्यात काही फरक पडला असता का, हे मी मोठ्या डॉक्टरांना पुढे दोन वेळा विचारलं. दोन्ही वेळा ते नाही म्हणाले. त्यांनी खरं सांगितलं असं मी धरून चालतो, पण तिसऱ्यांदा विचारायचं धाडस मला झालं नाही.

पुन्हा तीच खोली, तीच भिंत. पण आता दोघींच्या खोल्यांमधलं दार दिवसभर उघडं असे. बाईंचा घसा बंद झाला, आवाज बसला. हजेरी त्या बोटानं दाखवून सुमनकडून घेववत. सुमन कण्या शिजवायची आणि समोर बसून म्हणायची, "तोंड उघडा. इथं काय लग्नाला आलाव का?" बाईंना हसता येत नसे, त्या तिच्या हातावर चापट मारत.

सुमनचा शेक संपला त्या सकाळी तिच्या रेघा पुसल्या. आता अंघोळ करा, म्हणाले. आमची गाडी दुपारची होती. बाईंपाशी थांबायचं म्हणून सुमननं हट्ट धरला होता, पण ताडकळसहून त्यांची बहीण येऊन पोचली होती आणि बाईंनी घोगऱ्या आवाजात सांगून टाकलं होतं, "पास झालेल्या पोरानं त्याच वर्गात बसायचं नसतंय." पुढे बाई गावी आल्यावर सुमन दर आठवड्याला ताडकळसला जात राहिली. माझं तिकडे जाणं झालं नाही. बाईंना जाऊन आता तीन वर्षं होतील.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी, धर्मशाळेच्या न्हाणीघराच्या दारात. मी टॉवेल घेऊन बाहेर उभा होतो. आतून पाण्याचा आवाज येत होता. बाई सुमनच्या डोक्यावर पाणी घालत होत्या.

"बाई, सरका, तुमच्या मानंवर उडंल."

"उडू दिलं असतं, पर डाक्टर मारंल. पाठ इकडं कर."

आणि मग सुमनचं हसणं, मोठ्यानं, कितीतरी दिवसांनी अंगावर पाणी पडलेल्या माणसाचं. दार अर्धं उघडलं. बाई पाठमोऱ्या बाहेर आल्या. नऊवारीचा काष्टा वर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले, हातात तांब्या. मान मागे ताणून एका बाजूला धरलेली, कोणी वेणी ओढावी तशी, म्हणजे शिंतोडा उडू नये. कानाखालची नवी जांभळी रेघ कोरडी होती.

"भाऊ," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "आणखी एक बादली आणा. पोरगी निघंना झालीया."